सीमेवरच्या जवानाच्या छातीवर कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉडी कॅमेऱ्याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा खरेदीच्या आकड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. किती घेतले, केवढ्याला पडले, कोणत्या कंपनीचे. पण चित्रीकरण झाल्यावर ते कोणाच्या ताब्यात राहतं आणि ते बाहेर काढायला लावण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कोणी विचारत नाही. जबाबदारीचा सगळा मामला तिथे अडतो. खालच्या उत्तरांत मुख्यतः भारत-बांगलादेश सीमा घेतली आहे, कारण कॅमेरे तिथे येत आहेत. जोडीला अमेरिका-मेक्सिको सीमा आहे, कारण तिथे हा खेळ दहा वर्षं आधी सुरू झाला आणि त्यातले सगळे डाव उघडे पडले आहेत.

बीएसएफच्या, म्हणजे सीमा सुरक्षा दलाच्या, जवानांना खरंच बॉडी कॅमेरे दिले आहेत का?

हो. बांगलादेश सीमेवर काही ठिकाणी ते आधीपासून होते. ऑगस्ट २०२५मध्ये बातमी आली की या सीमेवरच्या तुकड्यांसाठी ५,०००हून अधिक कॅमेरे घेतले जात आहेत, सोबत बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं टिपणारी यंत्रंही. सांगितलेला उद्देश दुहेरी होता: बेकायदा आलेल्यांना परत पाठवतानाचा पुरावा ठेवणं आणि तस्करांच्या टोळ्या जवानांवर हल्ला करतात तेव्हा ते टिपणं.

दोन्ही उद्देश रास्त आहेत. फक्त दोन्ही दलाच्या बाजूचे आहेत, एवढं लक्षात ठेवा. जवानाकडून काही चुकीचं घडलं तर समोरच्या माणसाला हे चित्रीकरण कसं मिळणार, याचं उत्तर या उद्देशांत नाही.

हा कॅमेरा सतत चालू असतो का?

नसतो. पाळी आठ-दहा तासांची असते, बॅटरी आणि साठवणीची जागा दोन्ही मोजकी. म्हणून बहुतेक कॅमेरे ‘तयार’ अवस्थेत असतात आणि बटण दाबल्यावर नोंद सुरू होते. चांगल्या कॅमेऱ्यांत एक सोय असते: बटण दाबण्याच्या आधीची साधारण अर्धा मिनिट ते दोन मिनिटं यंत्राने तात्पुरती धरून ठेवलेली असतात आणि ती नोंदीला जोडली जातात. पण या आधीच्या तुकड्यात अनेकदा आवाज नसतो. म्हणजे धक्काबुक्की दिसते, शिवी किंवा इशारा ऐकू येत नाही. ‘थांब’ म्हटलं होतं की नाही यावर जेव्हा सगळं प्रकरण उभं असतं, तेव्हा ही मुकी पंचवीस-तीस सेकंदं फार महाग पडतात.

पाळी संपल्यावर कॅमेरा चौकीतल्या चार्जिंगच्या खोक्यात अडकवला की नोंदी सर्व्हरवर उतरतात. बरी व्यवस्था असेल तर जवानाला त्या पुसता येत नाहीत आणि कोणी कधी पाहिलं, कधी प्रत काढली याचीही नोंद राहते. खरेदीच्या निविदेत पिक्सेल आणि वजनापेक्षा हीच अट आधी बघायला हवी.

ट्रॅफिक पोलिसाच्या किंवा टीसीच्या अंगावरही असतो की. मग सीमेवर वेगळं काय?

मध्य रेल्वेने २०२३मध्ये मुंबईत तिकीट तपासनिसांना असे कॅमेरे दिले. तिथे फलाटावर दिवे असतात, शंभर माणसं बघत असतात, त्यातल्या पन्नास जणांच्या हातात मोबाईल असतो. सीमेवर रात्री दोन वाजता पाटाच्या पाण्यात उभ्या असलेल्या दोन जवानांना आणि समोरच्या चार सावल्यांना कोणी साक्षीदार नसतो.

दुसरा फरक जागेचा. बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची. निम्म्याहून अधिक एकट्या पश्चिम बंगालात. कुंपण थेट आंतरराष्ट्रीय रेषेवर उभं नाही. १९७५मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. म्हणून कुंपण आत सरकलं आणि शेतजमिनीचा एक पट्टा भारतात असूनही कुंपणापलीकडे राहिला. तिथला शेतकरी रोज सकाळी गेटवर रांगेत उभा राहतो, ओळखपत्र दाखवतो, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं जातं, सायकलच्या कॅरिअरवरचं खताचं पोतं उघडून दाखवतो, आणि संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परततो. सीमेवरची बातमी म्हटली की आपल्याला गोळीबार आठवतो. पण दल आणि गावकरी यांच्यातली बहुतेक कुरबूर या गेटवरची असते. कॅमेऱ्याचा सर्वाधिक उपयोग व्हायचा तर तिथे होईल, कारण तिथे उजेड आहे, वेळ ठरलेली आहे आणि माणसं तीच तीच आहेत.

तिसरं म्हणजे, ऑक्टोबर २०२१पासून पश्चिम बंगाल, आसाम आणि पंजाबात बीएसएफचा झडती, जप्ती आणि अटकेचा अधिकार सीमेपासून १५ऐवजी ५० किलोमीटर आतपर्यंत पोहोचला. त्यामुळे सीमा कधी डोळ्यांनी न पाहिलेली गावंही या चर्चेत येतात.

कॅमेरे नव्हते तेव्हा काय होत होतं?

७ जानेवारी २०११ची घटना पाहा. भारतात काम करणारा एक बांगलादेशी बाप आपल्या १५ वर्षांच्या मुलीला घेऊन कूचबिहारच्या बाजूने पहाटेच्या धुक्यात शिडी लावून कुंपण ओलांडत होता. बाप पार झाला, मुलीचे कपडे काटेरी तारेत अडकले, ती ओरडली, गोळी लागली. तिचा मृतदेह काही तास तारेवर लटकत राहिला आणि त्याचा फोटो जगभर गेला.

पुरावा म्हणून उरला तो हा फोटो आणि साक्षी. फोटो मृत्यूनंतरचा. गोळी झाडण्याआधीच्या क्षणी जवानाला काय दिसलं, धोका होता का, इशारा दिला का, यातलं काहीही त्यात नाही. खटला बीएसएफच्याच न्यायालयात चालला. सप्टेंबर २०१३मध्ये जवान निर्दोष ठरला. निकालाचा फेरविचार झाला, २०१५मध्ये तोच निकाल कायम राहिला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याची शिफारस केली.

खटला बीएसएफच्याच न्यायालयात का? नेहमीचं सत्र न्यायालय का नाही?

कारण बीएसएफ कायदा, १९६८. त्यानुसार दलाची स्वतःची ‘सुरक्षा दल न्यायालयं’ असतात आणि अधिकारीच तिथे न्यायाधीश म्हणून बसतात. नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार हे गुन्हे एरवी या न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहेत. पण जवान ‘सक्रिय कर्तव्यावर’ असेल तर अपवाद लागतो, आणि सीमेवरची गस्त सक्रिय कर्तव्यातच मोडते. दोन्ही न्यायालयांना अधिकार असेल तेव्हा खटला कुठे चालवायचा हे आधी दलाचे वरिष्ठ ठरवतात. फौजदारी न्यायालयाने आक्षेप घेतला तर अखेरचा शब्द केंद्र सरकारचा.

आता यात कॅमेरा बसवून बघा. चित्रीकरण करणारं दल, साठवणारं दल, तपासणारं दल, निकाल देणारंही दल. या व्यवस्थेत सगळे प्रामाणिक असले तरी बाहेरच्याचा विश्वास बसायला जागा राहत नाही.

माहिती अधिकारात चित्रीकरण मागता येतं का?

थेट नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ने आणि दुसऱ्या परिशिष्टाने बीएसएफला त्या कायद्यातून वगळलं आहे. पण त्याच कलमात एक फट आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात: भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कभंगाचे आरोप असलेली माहिती या वगळणुकीत येत नाही. हक्कभंगाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि माहिती ४५ दिवसांत द्यायची असते. अर्जात ‘अमुक तारखेच्या गस्तीचं फुटेज द्या’ एवढंच लिहिलं तर तो परत येणार हे धरून चाला. हक्कभंग काय झाला, कोणाचा झाला, हे पहिल्या परिच्छेदात लिहायला हवं.

मानवाधिकार आयोग तर मागवू शकतो ना?

इथे लोकांची सर्वाधिक गफलत होते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीत आयोग स्वतः चौकशी करतो, साक्षीदार बोलावतो, कागद मागवतो. सशस्त्र दलांच्या बाबतीत मात्र १९९३च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याचं कलम १९ लागू होतं. ‘सशस्त्र दलां’च्या व्याख्येत भूदल, नौदल, हवाई दलासोबत केंद्राची इतर सशस्त्र दलंही आहेत. अशा वेळी आयोग केंद्र सरकारकडे अहवाल मागतो, अहवाल वाचून थांबतो किंवा शिफारस करतो, आणि केंद्राने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. म्हणजे आयोगाच्या टेबलावर चित्रीकरण येईल की चित्रीकरणाचा सारांश, हे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या मंत्रालयावर अवलंबून.

कॅमेरे येण्याआधी या कलमाचा जाच तेवढा जाणवत नव्हता, कारण मागायला काही नव्हतंच. आता आहे. कायदा बदलायचाच असेल तर सुरुवात या कलमापासून व्हावी, असं माझं मत आहे.

व्हिडिओ आहे म्हणजे कोर्टात पुरावा झाला, असं नाही का?

नाही, आणि याचा धडा आपल्या जालन्यातून आला आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर घेतले गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर कॅमेरे होते, त्यांचं चित्रीकरण होतं. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२०ला निकाल आला: प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तोच प्रमाणपत्र द्यायला नकार देत असेल, तर न्यायालय त्याला ते हजर करायचा हुकूम देऊ शकतं, आणि पक्षकाराने हात टेकेपर्यंत प्रयत्न केले असतील तर त्याला त्याचा फटका बसू नये. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

निवडणुकीचा वाद आणि सीमेवरची गोळी यांचा संबंध काय, असं वाटेल. पण अडचण हुबेहूब तीच आहे: यंत्र सरकारचं, चित्रीकरण सरकारच्या ताब्यात, आणि प्रमाणपत्र देणारा माणूसही सरकारी. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची ‘हॅश’ संख्या द्यावी लागते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ही संख्या बदलते. सीमेवरच्या कॅमेऱ्यांसाठी मोठा फायदा यात आहे, पण एकाच अटीवर: हॅश कॅमेरा उतरवला त्याच रात्री काढलेली हवी. सहा महिन्यांनी कोर्टाने मागितल्यावर काढलेली हॅश फक्त एवढंच सांगते की सहाव्या महिन्यापासून फाइल बदलली नाही.

चित्रीकरण किती दिवस ठेवायला हवं?

बीएसएफच्या १९६८च्या कायद्यात कॅमेऱ्याचा शब्दही नाही. हाताशी असलेली सगळ्यात चांगली मोजपट्टी सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२०च्या परमवीर सिंग सैनी निकालातली आहे. पोलीस ठाण्यांत आणि अटकेचे अधिकार असलेल्या केंद्रीय तपास यंत्रणांच्या कार्यालयांत सीसीटीव्ही लावा, नोंद १८ महिने ठेवा, तेवढं साठवणारं यंत्रच बाजारात नसेल तरी एक वर्षाच्या खाली जाऊ नका, असा तो आदेश. तो भिंतीवरच्या कॅमेऱ्यांबद्दल आहे. पण दूरच्या खेड्यातल्या माणसाला वकील मिळेपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात, हे कारण अंगावरच्या कॅमेऱ्यालाही तितकंच लागू पडतं.

अमेरिकेत एवढी वर्षं हे चाललं आहे. तिथे काय झालं?

सविस्तर सांगण्यासारखं आहे.

तिथली बॉर्डर पेट्रोल, म्हणजे सीमेवर गस्त घालणारं दल, १९२४ची. तिच्या जवानांना ‘एजंट’ म्हणतात. २००३पासून ती सीबीपी (सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण) या मोठ्या यंत्रणेचा भाग आहे. २०१०मध्ये एल पासोच्या पुलाखाली एका एजंटने अमेरिकेच्या हद्दीतून गोळी झाडली आणि पलीकडे मेक्सिकोत १५ वर्षांचा मुलगा मेला. एजंटवर दगडफेक होत होती, असं यंत्रणेचं म्हणणं. लोकांच्या मोबाईलवर घटना टिपली गेली होती. तरी कुटुंबाला एजंटवर भरपाईचा दावा लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. म्हणजे व्हिडिओ होता, पण त्याच्या जोरावर दार ठोठावायला न्यायालयच उरलं नाही.

दरम्यान यंत्रणेने स्वतःच बाहेरच्या तज्ज्ञांकडून बळाच्या वापराची ६७ प्रकरणं तपासून घेतली. त्यांपैकी १९मध्ये माणूस मेला होता. २०१३चा तो अहवाल यंत्रणेने दाबून ठेवला. वर्तमानपत्राने फोडल्यावर मे २०१४मध्ये तो जाहीर झाला. मग कॅमेऱ्यांची चाचणी झाली. २०१५मध्ये अंतर्गत गटाने सरसकट कॅमेरे देऊ नयेत असा सल्ला दिला. कारणांत धूळ, उष्णता, खर्च आणि एजंटांचं मनोधैर्य.

मे २०१८मध्ये टेक्सासच्या रिओ ब्राव्हो गावात ग्वाटेमालाची २० वर्षांची तरुणी डोक्यात गोळी लागून गेली. पहिल्या निवेदनात हल्लेखोरांनी बोथट वस्तूंनी मारलं आणि ती हल्लेखोरांपैकी एक, असं म्हटलं होतं. दोन दिवसांत नवं निवेदन आलं: बोथट वस्तू गायब, ती आता ‘गटातली एक’. बदल का झाला? शेजारच्या बाईने घटनेनंतर लगेच फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं होतं आणि गावातली माणसं प्रश्न विचारत होती. एजंटच्या अंगावर कॅमेरा नव्हता.

ऑगस्ट २०२१मध्ये कॅमेरे मोठ्या संख्येने द्यायला सुरुवात झाली. मे २०२२मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सगळ्या केंद्रीय पोलीस यंत्रणांना ते सक्तीचे केले. माझ्या मते त्याच महिन्यातला दुसरा निर्णय जास्त मोलाचा होता. १९८७पासून बॉर्डर पेट्रोलची स्वतःची ‘क्रिटिकल इन्सिडंट’ पथकं होती. एजंटकडून कोणी मेलं की पुरावा गोळा करायला हीच पथकं आधी पोहोचत. सीबीपीचे आयुक्त ख्रिस मॅग्नस यांनी ती मोडीत काढली आणि काम बॉर्डर पेट्रोलबाहेरच्या चौकशी विभागाकडे दिलं.

पुढच्याच वर्षी या नव्या व्यवस्थेची परीक्षा झाली. मे २०२३मध्ये ॲरिझोनात, तोहोनो ओओधम या आदिवासींच्या राखीव प्रदेशात, ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्याच घराबाहेर रात्री गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या झाडणाऱ्या तिन्ही एजंटांचे कॅमेरे चालू होते. साधारण पाच आठवड्यांत यंत्रणेने संपादित चित्रीकरण प्रसिद्ध केलं. त्यात काय दिसतं? विजेरीचे हलते झोत, झाडोरा, धावण्याने उडणारी चौकट, एकाच वेळी ओरडले जाणारे वेगवेगळे हुकूम. ते गृहस्थ म्यानातलं पातं पुढे टाकतात. मग खिशातून हात काढायला सांगितलं जातं. ते हात झटकन काढतात, हातात काहीतरी असतं, आणि गोळ्या सुटतात. हातातली वस्तू मोबाईल होती. सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा निर्णय घेतला.

सगळं टिपलं गेलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि तरीही एकाला त्यात खून दिसतो, दुसऱ्याला घाईतला गैरसमज. कॅमेऱ्याने खोटं निवेदन देण्याची सोय मात्र बंद केली. तेवढंही कमी नाही.

मग आता तिथे कॅमेरे सक्तीचे आहेत?

जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी बायडन यांचा आदेश रद्द केला. फेब्रुवारीत बॉर्डर पेट्रोलने एजंटांना कॅमेरे बंद ठेवायला सांगितलं. कारण असं की कॅमेऱ्याचा ब्लूटूथ संकेत साध्या मोबाईल ॲपवर पकडता येतो आणि एजंट कुठे आहे ते कळतं. धोका खोटा म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या खरेदीतही हा मुद्दा बघायलाच हवा.

पण त्याच वर्षी शरद ऋतूत हेच एजंट सीमा सोडून शिकागोच्या रस्त्यांवर उतरले. अश्रुधुराच्या तक्रारी आल्या तेव्हा न्यायाधीश सारा एलिस यांनी, कॅमेरे असलेल्या एजंटांनी ते चालू ठेवावेत, असा ऑक्टोबरमध्ये हुकूम दिला. मोहिमेचे प्रमुख ग्रेगरी बोव्हिनो यांच्याकडे स्वतःकडेच कॅमेरा नव्हता. त्यांनाही तो घ्यायला लावला. नोव्हेंबरच्या दोनशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी चित्रीकरण आणि सरकारी अहवाल शेजारी शेजारी ठेवून अहवाल विश्वासार्ह नसल्याचं म्हटलं. एका तळटीपेत तर असं आहे की एक एजंट चॅटजीपीटीला एक वाक्य आणि काही फोटो देऊन बळाच्या वापराचा अहवाल लिहून घेत होता, आणि हे छातीवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणातच सापडलं. वरच्या न्यायालयाने त्यांच्या आदेशाला स्थगिती दिली, पण ती पानं आता नोंदीवर आहेत. चित्रीकरण दलाच्या कपाटातून निघून तिसऱ्याच्या टेबलावर आलं म्हणून हे घडलं.

कॅमेऱ्याने वागणूक सुधारते, असं संशोधन आहे ना?

दोन्हीकडचं आहे. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहरात २०१२-१३च्या प्रयोगात तक्रारी झपाट्याने घटल्या आणि जगभर कॅमेऱ्यांची लाट आली. वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या आणि २०१७मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या प्रयोगात लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. दोन्ही शहरांतले आहेत, सीमेवरचे नाहीत.

माझा मुलगा बीएसएफमध्ये आहे. उद्या कॅमेऱ्यामुळे त्याच्यावरच चौकशी लागली तर?

लागू शकते. पण कॅमेरा नसतानाही लागते, आणि तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला त्याचा जोडीदार सोडून कोणी नसतं. बांगलादेश सीमेवर तस्करांच्या टोळ्या कोयते घेऊन अंगावर येतात. अनेक ठिकाणी जवानाच्या हातात कमी जीवघेणी समजली जाणारी पंप ॲक्शन गन असते. त्याने ती कधी चालवली, त्याआधी किती वेळा हाक दिली, हे दिसलं तर त्याचाच फायदा.

त्याच्या काळजीचा खरा मुद्दा वेगळा आहे: निवेदन आधी घेणार की चित्रीकरण आधी दाखवणार? अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत माणसाला जे आठवतं ते आणि कॅमेऱ्यातलं यांत फरक पडतोच. आधी चित्रीकरण दाखवलं तर तो त्याला जुळेल असं निवेदन देऊ शकतो. न दाखवता घेतलं तर साधी विसर खोटेपणा म्हणून त्याच्या अंगाशी येते. मला पटणारा मार्ग असा: पहिलं निवेदन न दाखवता, मग चित्रीकरण, मग पुरवणी निवेदन, आणि दोन्ही फाइलमध्ये. फरक पडला म्हणून शिक्षा नाही, हे नियमात लिहिलेलं हवं.

आणि कॅमेरा फक्त खाली, जवानाकडेच बघणार का, वरच्या अधिकाऱ्यांकडे नाही? २०१७च्या जानेवारीत बीएसएफच्या एका जवानाने जळक्या पोळ्या आणि पातळ डाळीचा व्हिडिओ टाकला होता. देशभर गाजला. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. जवानांना कॅमेऱ्याचा संशय का येतो, ते यावरून समजावं.

बाहेरच्या देखरेखीची मागणी म्हणजे दलाच्या विरोधात बोलणं नाही का?

बीएसएफची स्थापना १ डिसेंबर १९६५ची. पहिले प्रमुख खुस्रो रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना खितपत पडलेल्या कैद्यांबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. त्यावरून १९७९चं हुसैनारा खातून प्रकरण उभं राहिलं, हजारो कैदी सुटले आणि जनहित याचिकेची वाट रुंदावली. दल उभारणाऱ्या माणसाला बंद दारामागचं बाहेर आणण्यात दलाची बेअब्रू वाटली नव्हती.

‘पुश बॅक’चं, म्हणजे पकडलेल्यांना सीमेपलीकडे ढकलण्याचं, चित्रीकरण होतं म्हणतात. त्याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जून २०२५मध्ये मुंबई-ठाणे परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना, त्यांत मीरा रोडला गवंडीकाम करणारा एक जण, पोलिसांनी बांगलादेशी समजून पकडलं. त्यांना सीमेवर नेऊन पलीकडे ढकललं गेलं. घरच्यांनी कागद दाखवले, पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केला, बीएसएफ आणि बांगलादेशच्या सीमा दलाची फ्लॅग मीटिंग झाली आणि ते परत आले. दिल्लीतून पकडलेली बीरभूमची एक गरोदर स्त्री मात्र तिकडच्या तुरुंगात गेली. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि ती डिसेंबरमध्ये परतली.

अशा प्रकरणात शेवटच्या टप्प्याचं चित्रीकरण असतं, पहिल्याचं नसतं. सीमेवरचा जवान त्याला सोपवलेला माणूस घेतो. ‘मी मुर्शिदाबादचा आहे, माझं आधार बघा’ हे वाक्य त्याआधी मीरा रोडच्या ठाण्यात बोललं गेलेलं असतं. साखळी जिथून सुरू होते तिथे कॅमेरा हवा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचा आदेश २०२०पासून आहेच.

चित्रीकरणात आलेल्यांच्या खासगीपणाचं काय?

गंभीर प्रश्न आहे. झडती होत असलेली बाई, आजारी मूल, दलाला खबर देणारा गावकरी: यांचा चेहरा बाहेर गेला तर कोणाची अब्रू, कोणाचा जीव जातो. २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यात सुरक्षेच्या कारणासाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. चेहरे धूसर करूनच प्रत द्यायची आणि दलाच्या प्रसिद्धीसाठी चित्रीकरण वापरायचं नाही, हे दोन नियम पुरेत. दुसरा जास्त मोडला जातो. पकडलेल्यांना ओळीत बसवलेले व्हिडिओ समाजमाध्यमांवर सगळ्यांनीच पाहिले असतील.

मी स्वतः मोबाईलवर शूट केलं तर?

सीमा चौकी आणि कुंपणाजवळ सावध राहा. शासकीय गुपितं कायद्याखाली निषिद्ध जागा असतात, आणि कलम लागलं की मूळ तक्रार बाजूला पडते.

घटना घडलीच, तर आधी काय करावं?

चित्रीकरण जपून ठेवा असं लेखी पत्र द्या, तक्रारीच्याही आधी. तारीख, अंदाजे वेळ, गेटचा किंवा सीमाखांबाचा क्रमांक, जवानाच्या छातीवर कॅमेरा दिसला का आणि त्यावर दिवा होता का, एवढं त्यात हवं. पत्र बटालियनच्या कमांडंटला आणि प्रत सेक्टर मुख्यालयाला, दोन्ही पोचपावतीसह. पुढे कोणी ‘चित्रीकरण आपोआप पुसलं गेलं’ म्हणालं, तर ही पोचपावती कोर्टात कामाला येते. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयातून दाखला घ्या. पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. घेतली नाही तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मानवाधिकार आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. त्यानंतर कायद्याने आयोगाला ते प्रकरण हाती घेता येत नाही.